रोज एक फोटो काढायचाच, हा हट्ट हवा कशाला?

उंबरठा

वर्षभर रोज एक फोटो, एकही दिवस न चुकवता, असं ठरवून सुरुवात केली त्याला आज २१२ दिवस झाले. परवा दोन मित्रांशी यावरून कडाक्याचा वाद झाला. दोघांचाही हात माझ्यापेक्षा कितीतरी बसलेला आहे, आणि दोघांचं म्हणणं एकच: रोज उठून फोटो काढणं म्हणजे पाट्या टाकणं. मनात आलं की काढावा, तारीख बदलते आहे म्हणून काढू नये. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून धागा काढते आहे.

माझे नियम साधे आहेत. रात्री बाराच्या आत त्याच दिवशी काढलेला फोटो. जुना चालणार नाही. फोनची मुख्य लेन्स, झूम नाही.

पहिले वीस-पंचवीस दिवस मजेत जातात. ढग, फुलं, मांजर, पायऱ्यांवर पडलेली आपलीच सावली. मग विषय संपतात, आणि माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं. ८७वा दिवस सांगते. रात्री पावणेबाराला घरी आले, डोकं ठणकत होतं, फोटो राहिला होता. दारातून आत आले आणि समोरच्या भिंतीवरच्या खुंटीकडे बघत राहिले. खोलीत पिवळा बल्ब, मागे उघड्या दारातून पॅसेजमधली पांढरी ट्यूब. खुंटीच्या दोन सावल्या पडल्या होत्या. एक निळसर, दुसरी पिवळट. सावली म्हणजे करडी-काळी, हे मी जन्मभर धरून चालले होते. कारण नंतर कळलं: बल्बचा उजेड जिथे अडतो तिथे फक्त ट्यूबचा पोहोचतो, म्हणून ती सावली निळसर, ट्यूबचा अडतो तिथे बल्ब एकटा उरतो, म्हणून ती पिवळट. फोटो जरा हललाच. पण त्या रात्रीनंतर मला सगळीकडे सावल्यांचे रंग दिसतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली, जिन्यात, उघड्या वहीवर धरलेल्या पेन्सिलीखाली.

'मनात आलं की' या नियमाने त्या रात्री मी सरळ झोपले असते. त्या वेळी मनात काहीच आलं नव्हतं.

जेमी लिव्हिंगस्टन नावाच्या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड (लगेच कागदावर उमटणारा फोटो) काढला. २५ ऑक्टोबर १९९७ला, त्याच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो कॅन्सरने गेला, तोपर्यंत. सहा हजारांच्या वर फोटो. सुटा एखादा उचलला तर कुणाच्याही घरी सापडेल असा. सलग बघत गेलं की घशात आवंढा येतो.

तर, रोज काढावा की नाही? का?

निगेटिव्ह

साफ असहमत. तुमच्या मित्रांच्या बाजूने लिहितो.

खुंटीचा किस्सा आवडला, पण त्याचं श्रेय तुम्ही चुकीच्या खात्यावर जमा करताय. त्या रात्री तुमची नजर जागी होती. उरलेल्या २११ दिवसांपैकी किती रात्री अशा होत्या, ते लिहिलेलं नाही.

फोटो काढणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे निवडणं, आणि रोजच्या नियमात निवडीचा गळाच आवळला जातो. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकी छायाचित्रकार फिल्मचा रोल वापरून झाल्यावर मुद्दाम वर्ष-दोन वर्षं धुवायचा नाही. काढतानाचा आनंद आठवत असेल तर वाईट फोटोही चांगला वाटतो, तो आनंद विसरला जावा म्हणून. आणि आपण? संध्याकाळी काढायचा, रात्री बाराच्या आत 'आजचा' म्हणून शिक्का मारायचा. वर्षाला बारा लक्षणीय फोटो म्हणजे चांगलं पीक, असं निसर्गाचे फोटो काढणाऱ्या अॅन्सेल अॅडम्सचं म्हणणं सांगतात. वर्षाला बारा! तुम्ही ३६५ मागताय.

शंभर दिवसांनंतर सगळ्यांचे फोटो सारखेच दिसायला लागतात, हेही मी पाहिलंय. डबक्यातलं प्रतिबिंब, पानावरचा थेंब, काचेतून दिसणारा दिवा, ओळीने मांडलेल्या चपला. एकदा काढताना ते बघणं असतं. चौथ्यांदा काढताना तो साचा असतो, आणि वेळ संपत आलेला माणूस साच्याकडेच धावतो.

उंबरठा

निगेटिव्ह, विनोग्रँडचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ते माझ्या बाजूने आहे. रोल धुवायला तो थांबायचा. काढायला कुठे थांबायचा? १९८४ साली तो गेला तेव्हा मागे न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल निघाले. 'मनात येईल तेव्हा' काढणाऱ्या माणसाकडे इतके रोल साठत नाहीत.

काढणं आणि निवडणं यांत अंतर हवं, हे शंभर टक्के मान्य. म्हणून मी फोटो कुणालाच दाखवत नाही. फोल्डरमध्ये तारखेने पडून असतात. वर्ष संपल्यावर, आणि तेही काही महिने जाऊ देऊन, उघडायचे ठरवलंय. दाखवायचा नसला की डबक्यातल्या प्रतिबिंबाची गरजच पडत नाही, साचा बहुतेक दुसऱ्यांसाठी लागतो.

पाणवठा

मी हे करून सोडलंय, म्हणून लिहिते.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. घरात फोटो काढण्यासारखं सगळ्यात जिवंत तेच होतं, त्यामुळे दहातले सहा-सात फोटो तिचे. साधारण नव्वदाव्या दिवशी ती फरशीवर पालथी पडून ठोकळे रचत होती. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, एक डोळा मिटलेला, मनोरा सरळ आहे का ते बघत. मी हळूच फोन काढला. तिने वर पाहिलं, ठोकळा खाली ठेवला, हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि नीट बसून हसली. फोटो झाल्यावर परत पालथी पडली, पण मनोऱ्याकडे वळलीच नाही.

त्या रात्री मागचे फोटो पाहिले. शेवटच्या महिनाभरात ती सगळ्यांत हसत होती. एकातही काही करत नव्हती.

मी त्याच रात्री थांबले. उंबरठाताई, तुमच्या खुंटीला काही वाटत नाही. माणसांना वाटतं. रोजच्या नियमाची किंमत घरातली दुसरी माणसं भरतात, यावर कुणी बोलत नाही.

वाटसरू

पाणवठा यांना अनुमोदन. हे वाचून फोन बाजूला ठेवला.

भिंग

दोन्हीकडून अंदाज फार होताहेत, म्हणून थोडी माहिती.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. फोटो काढलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. निगेटिव्ह यांना हे आवडेल. पण प्रयोगाचा दुसरा भाग लोक सोडून देतात: ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण तशी घटली नाही, फ्रेमबाहेर राहिलेल्या भागाचीसुद्धा. म्हणजे यंत्रावर सोपवून मोकळं होणं विसरायला लावतं, एका जागी थांबून बघणं तसं करत नाही. उंबरठा, तुमची खुंटी या दुसऱ्या गटात बसते. 'झूम नाही' हा नियम मात्र पायाने जवळ जाऊनच पाळा, लांबून सगळं खोलीभर टिपून नव्हे.

दुसरं, 'एकही दिवस न चुकवता' याबद्दल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसागणिक १८ ते २५४. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. चुकलं की सगळं मुसळ केरात, असं मानणारेच बहुधा पूर्ण सोडून देतात.

चुकण्याचं काय करावं, यासाठी मला तेहचिंग श्ये हा कलाकार फार मोठा वाटतो. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१, वर्षभर, दर तासाला त्याने हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि प्रत्येक वेळी स्वतःची एक फ्रेम काढली. रात्रीसुद्धा. ८,७६० तासांपैकी १३३ हुकले. ते त्याने लपवले नाहीत, त्यांचा हिशेब कामातच ठेवला: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेआधीच पंच झालं. आपण चुकलेल्या दिवशी दुसऱ्या दिवशीचा जास्तीचा फोटो खपवतो. ती जागा रिकामी ठेवावी आणि कारण लिहावं.

उजेड

पाठीच्या ऑपरेशननंतर मी सहा आठवडे अंथरुणावर होतो. उठायची परवानगी नव्हती. डावीकडे एक खिडकी, एवढंच जग. फोन पोटावर ठेवलेला, म्हणून रोज त्या खिडकीचा फोटो काढायला लागलो. नियम वगैरे काही नव्हता, दिवस मोजायला काहीतरी हवं होतं.

तेव्हा मला योसेफ सुदेक हा चेक छायाचित्रकार माहीत नव्हता, नंतर कळला. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे १९४० पासून चौदा वर्षं त्याने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरची वाफ, दव, बर्फाची नक्षी, पलीकडचं वाकडं झाड. एकच खिडकी!

माझे बेचाळीस फोटो ओळीने लावले तेव्हा लक्षात आलं की उन्हाची कड दर दिवशी चौकटीवर थोडी खाली सरकत गेली होती. पडून होतो तेव्हाचा एकही दिवस दुसऱ्यासारखा नव्हता, आणि मी मात्र सगळ्यांना 'इथे रोज तेच' असं सांगत होतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा बसवलं तेव्हा खिडकी वेगळ्याच कोनातून दिसली आणि मला रडू आलं.

निगेटिव्हदादा, यातला एकही फोटो तुमच्या बारांत बसणार नाही. मला चालेल.

निगेटिव्ह

उजेड, तुमच्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही. पण तो माझ्या म्हणण्याला धरूनही आहे: तुमच्या बेचाळीस दिवसांना शेवट होता आणि कारण होतं.

जिम ब्रँडेनबर्ग या छायाचित्रकाराचं काम मी मानतो. १९९४ साली शरद संपातापासून (सप्टेंबरमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत, मिनेसोटाच्या जंगलात, ९० दिवस, दिवसाला एकच क्लिक. एक फोटो निवडायचा असं नव्हे, शटर एकदाच दाबायचं. लांडगा दिसला आणि सकाळीच क्लिक खर्च झालेली असली की बसा बघत. ही शिस्त आहे. तुमच्या नियमात दहा-वीस काढून एक ठेवता येतो.

आणि खरं सांगायचं तर माझा आक्षेप आकड्याला आहे. तुमचा धागा परत वाचा. पहिल्याच वाक्यात २१२. फोटोच्या आधी आकडा आला. काही दिवसांनी माणूस फोटो काढत नसतो, आकडा सांभाळत असतो, आणि तो तुटेल या भीतीलाच चिकाटी समजतो.

उंबरठा

हे लागलं, कारण खरं आहे. १६०व्या दिवशी मी बाराला दोन मिनिटं कमी असताना चार्जरचा फोटो काढला. काही बघितलं नाही, फोन खाली वळवला आणि दाबलं. ते आकड्यासाठी होतं. आणि भिंग, १३८वा दिवस माझा चुकलेला आहे. १३९च्या सकाळी काढून तिथे टाकला. आज तो काढून टाकला. आता तिथे 'झोप लागली' अशी चिठ्ठी आहे.

एकच क्लिकचा नियम उद्यापासून घेते.

तरीही सोडणार नाही. चार्जरच्या दिवसाशिवाय खुंटीचा दिवस मिळत नाही, असं माझं अजून मत आहे. कुठली रात्र कुठल्या जातीची निघेल हे संध्याकाळी सांगता येत नाही. शेवट हवा म्हणता, तर ३६५ हा शेवटच आहे.

पाणवठा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या फोल्डरमध्ये आईचे एकोणीस फोटो आहेत. आज मोजले, आणि तिला विचारलं की तुला त्रास होतो का. ती म्हणाली, "केस विंचरलेले नसतात तेव्हा होतो." मला हे सात महिन्यांत विचारायला सुचलं नव्हतं. आता तिने हो म्हटल्याशिवाय नाही.

पाणवठा

एवढं पुरे आहे. मी परत सुरू करणार नाही. मनोरा मात्र ती हल्ली पूर्ण करते, दाराआडून बघते मी.

निगेटिव्ह

माझं मत तेच आहे, रोजचा नियम नको. पण एक विचारायचं होतं. ती दोन सावल्यांची गोष्ट कालपासून डोक्यातून जात नाही. मी दोन दिवे लावून बघितलं तर एकच सावली दिसली, नेहमीची. बल्ब आणि ट्यूब किती अंतरावर होते?

उंबरठा

बल्ब बाजूच्या भिंतीवर, खुंटीपासून साधारण सहा-सात फूट. ट्यूब दाराबाहेर, बारा-तेरा फूट. तुमचा एक दिवा फार जवळ असणार. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, मग तो दुसऱ्याची सावली पुसूनच टाकतो. दोन दिवे एकाच दिशेला ठेवू नका, नाहीतर सावल्या एकमेकींवर पडतात. भिंत पांढरी हवी. फोनचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) आपोआप ठेवलात तर तो रंग सपाट करेल, तो आधी लॉक करा. आणि पॅसेजचं दार सताड उघडं नको. दोन्ही सावल्या सारख्याच गडद होईपर्यंत ते थोडं थोडं लोटत राहा.