श्रीनगरची नकाशा-शाल: आधी उलटी बाजू बघा

कशिदाकट्टा: कालपासून एक पोस्ट फिरतेय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली श्रीनगरची शाल म्हणे ‘मागावर विणलेला, गूगल मॅपच्या तोडीचा नकाशा’! तीन हजार लाइक. अहो, ती सुईची आहे. महाराजा रणबीर सिंहांच्या (1856–1885) काळातली. पश्मिन्याचं कापड आधी तयार, नक्षी नंतर. ट्विल विणीच्या तिरक्या रेघा टाक्यांच्या खालून सरळ निघून जातात. कानी, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली, असती तर त्या रेघा रंगीत धाग्यातच दिसल्या असत्या, आणि मागे रंगांच्या सांध्यावर बारीक उंचवटा लागला असता. आणि नकाशा कसला? झेलम, दल वरून पाहिल्यासारखे, इमारती समोरून. प्रमाण नाही. चित्र आहे ते.

मोजपट्टी: पहिला मुद्दा मान्य, दुसरा नाही. प्रमाण नसलं की नकाशा नाही, हा भूमापन खात्याचा हट्ट. नावेतून जाणाऱ्याला क्रम लागतो: अमीरा, हब्बा, फतेह, जैना, आली, नवा, सफा कदल (कदल म्हणजे पूल). कुठल्या पुलानंतर कुठला घाट हे कळलं की काम झालं.

कशिदाकट्टा: मग चित्रकथीच्या पोथ्याही नकाशेच म्हणा.

येवलेकर: एवढं कशाला ताणताय? कानी म्हणजे काश्मिरी पैठणीच.

कशिदाकट्टा: झालं! पैठणी साध्या विणीची, दोन्ही बाजूंनी सारखी. कानी 2/2 ट्विल, उलटी बाजू वर ठेवून, तालीमच्या (कुठला रंग किती धाग्यांवर, ते लिहिलेल्या कागदाच्या) खुणा वाचत विणतात. दोन्ही बाजू सारख्या सोडाच, विणताना सुलटी बाजू नीट दिसतही नाही.

येवलेकर: धोटा न फिरवता प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि सांध्यावर बाणे एकमेकांत अडकवायचे. दोन्हीकडे हेच ना? की येवल्याचं नाव आलं म्हणून त्रास?

कशिदाकट्टा: अडकवणं सारखं. घ्या, जिंकलात. पेढे वाटा.

रफूगर: पैठणी पुरे. सुईच का, ते कुणी बोलतच नाही. कुयरी पुन्हा पुन्हा येते, म्हणून लाकडी ठसा चालतो. इथे एक गल्ली दुसरीसारखी नाही, ठसा निरुपयोगी. नक्काशाने, म्हणजे नक्षी रेखणाऱ्याने, पूर्ण मापाच्या कागदावर रेषा काढायच्या, त्या टोचायच्या, वरून पूड घासायची. पूड झटकली जायच्या आत बाह्यरेषा शिवून घ्यावी लागते, नाहीतर पूल एक बोट सरकतो आणि त्यापुढचे सगळे घाट चुकतात. मग सुईने ताण्याचे मोजके धागे उचलत भराव. चौकट नाही, कापड मांडीवर. तळ्यासारखा मोठा सपाट भाग भरताना ओढ जरा जास्त झाली की कापड आकसतं आणि काठ वाकडा होतो. ते धुऊनही सुटत नाही. शिवाय 1870–71 च्या युद्धाने फ्रान्सची गिऱ्हाइकी बसली होती. कानीवाले रिकामे, सुईवाले स्वस्त.

मोजपट्टी: म्हणजे पूल सरकला तर चूक धरायचे. चित्रात कोण धरतं?

कशिदाकट्टा: हं. पण गूगल मॅप नाही. ती पोस्ट कुणीतरी काढायला लावा.