थेरपीत आवाजच निघत नाही, हे ट्रान्सफरन्स का? आणि यात प्लेटो कुठून आला?

शेळगीकर:
सोलापुरात सात रस्त्याजवळ एका सरांकडे जाते, आठ महिने झाले. तिथं बसले की माझा आवाज आपोआप बारीक होतो, घरी चांगली मोठ्यानं बोलते बरं का. मागच्या आठवड्यात सर म्हणाले, इथं कुणाची झोप मोडेल असं वाटतं का? आणि मला रडूच फुटलं. वडील मिलमध्ये रात्रपाळीला होते, दिवसा झोपायचे, आम्ही पोरं कुजबुजत खेळायचो. मैत्रीण म्हणते हे ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यातलं वागणं थेरपिस्टसोबत परत येणं, आणि याचं मूळ प्लेटोत आहे. खरंय का?

निळी_शाई:
ट्रान्सफरन्सच आहे ताई, वडिलांसोबतची सवय सरांच्या खोलीत आली. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडलासुद्धा हे उशिरा कळलं. डोरा म्हणून त्यानं जिची केस १९०५ ला छापली ती मुलगी ११ आठवड्यांत, १९०० च्या ३१ डिसेंबरला ट्रीटमेंट सोडून गेली आणि आपण ट्रान्सफरन्स वेळेत ओळखला नाही हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

तळ्याकाठी:
"मूळ प्लेटोत" हे काय पटत नाही. ट्रान्सफरन्सची प्लेटोशी जोड घातली ती फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँनं, पॅरिसमध्ये, १९६०-६१ च्या सेमिनारमध्ये. प्लेटोच्या सिंपोजियम या प्रेमावरच्या संवादात शेवटी सॉक्रेटिसवर भाळलेला अल्सिबायडिस पिऊन येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की सॉक्रेटिस वरून सायलेनस या ग्रीक वनदेवाच्या ओबडधोबड मूर्तीसारखा, पण उघडला की आत देवांच्या मूर्ती. त्या आतल्या ठेव्याला ग्रीकमध्ये आगाल्मा म्हणतात, आणि पेशंटही थेरपिस्टबद्दल असंच धरून चालतो की याच्याकडे काहीतरी आहे, याला माझं सगळं माहितीय. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. सॉक्रेटिस खुश होत नाही, तो म्हणतो हे सगळं तू इथं बसलेल्या अगाथॉनपायी बोललास! म्हणजे बोलणं एकाशी आणि रोख तिसऱ्यावर. तुमच्या सरांनी झोपेचं विचारलं ते याच जातीचं, आवाज त्यांच्यासमोर बारीक पण रोख वडिलांवर.

निळी_शाई:
मान्य. पण प्लेटोचा एरॉस, म्हणजे प्रेमाची ओढ, आणि आपली लैंगिकतेची व्यापक कल्पना किती जवळ आहेत हे फ्रॉइडनंही १९२० च्या एका प्रस्तावनेत म्हणलंय, म्हणजे लाकाँच्या आधीपासून धागा आहेच. ताई, वडील आहेत का?

शेळगीकर:
आहेत. मागांच्या खडखडाटानं कान गेलेत, त्यांच्याशी आता ओरडूनच बोलावं लागतं. हे टाइप करताना लक्षात आलं, सरांना अजून सांगितलंच नाही. गुरुवारी सांगते.