मदत हवी आहे: जिल्ह्याची ओळख लिहायची आहे, तलावापाशी अडले

रोवणीवाली: शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या जिल्ह्यावर दोन पानं लिहायची आहेत. मजकूर परवा छापखान्यात द्यायचाय. बाकी सगळं झालं, तलावावर अडलेय. कोणी बांधला, केव्हा, खोली किती, एवढंच सांगा. नेटवरचं इथे आणून चिकटवू नका, जागोजागी वेगळं लिहिलंय.

वैनगंगाकाठ: जिल्हा कोणता? तलाव कोणता?

रोवणीवाली: नवेगावबांध हो. दुसरा कोणता असणार!

जुना_भंडारेकर: म्हणजे गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हे सगळं भंडाराच होतं. 'तलावांचा जिल्हा' लिहाल तर भंडाऱ्याचंही नाव घ्या. ही ओळख मुळात दोघांची मिळून आहे.

रानवाट: ताई, तलाव नैसर्गिक आहे. चहूबाजूंनी डोंगर आहेत, सात बहिणी म्हणतात त्यांना. बांधलं कोणी वगैरे दंतकथा.

बांधीतला: नैसर्गिक कसा? डोंगरांमधली खिंड पाळ घालून अडवलीय, पाळीवर उभं राहिलं की दिसतं. कोहळी समाजातल्या कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्याचं सांगतात. आजही त्यांना कोलासुर देव म्हणून पुजतात. कोहळ्यांनी अख्ख्या पट्ट्यात तलाव खोदले ते धानासाठी. पऱ्हे (धानाची रोपं) टाकले आणि पावसानं दडी मारली, तर तलावाच्या पाण्यावरच रोवणी (रोपांची लावणी) निभते. धान निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, पाणी कमी पडलं की तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं दार) उघडायचा आणि पाणी बांधी-बांधीतून, म्हणजे धानाच्या एकेका वाफ्यातून, खाली सोडत न्यायचं. धान कापायच्या आधी त्याच ओलीत लाखोरी डाळीचं बी फेकतात, नांगर लावावा लागत नाही. हे लिहा. खोली लिहून काय होणार?

रानवाट: दंतकथा आणि इतिहास यांत फरक असतो, एवढंच म्हणणं आहे.

पंखवाला: सारसावर एक परिच्छेद हवाच. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदियात. घरटं धानाच्या बांधीतच करतो, शेतकरी तेवढा तुकडा कापायचा ठेवून देतात.

रोवणीवाली: सारस पहिल्या पानावर आहे. मी तलावाचं विचारलं होतं.

सुट्टीवाला: आम्ही चौघं डिसेंबरमध्ये येतोय. बोटिंग सुरू असतं का? रूम आधी बुक करावी लागते का?

जुना_भंडारेकर: वेगळा धागा काढा, भाऊ. ताई, राष्ट्रीय उद्यान १९७५ चं आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. ही दोन सालं एकमेकांत मिसळू नका.

धीवरपोर: कोहळ्यांनी बांधले, मालगुजारांच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या) नावावर राहिले, १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, इथवर सगळे लिहितात. तलावावर मासे धरून जगणाऱ्या धीवरांचं नाव कोणी घेत नाही. आमच्या गावच्या तलावात बेशरम हे तण माजलंय, देवधान (पाण्यातलं रानटी धान) दिसेनासं झालंय. रोहू-कटल्याचं बीज सोडतात, पण देशी मासा पाणवनस्पतींच्या आधारानं वाढतो. गाळ उपसताना त्या मुळासकट निघाल्या तर मासा राहील कुठे? स्मरणिका पोरं वाचणार आहेत, त्यात हे आलं पाहिजे.

बांधीतला: गाळ काढलाच पाहिजे. पाणी मावत नाही, नहराच्या टोकाच्या शेताला थेंब जात नाही.

धीवरपोर: काढा ना. पण सगळा तलाव एका उन्हाळ्यात खरवडू नका, काठाची वनस्पती राखा.

वैनगंगाकाठ: ताई, खोली बदलती असते. पाणी ऑगस्टात वेगळं, मे महिन्यात वेगळं. एकच आकडा छापला तर चूक होईल. हवाच असेल तर पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात पाणीपातळीची नोंद मागा, तारखेसकट लिहा.

रोवणीवाली: सकाळी जाते. धीवरांचं घेते, त्यासाठी नकाशा लहान करेन. कोलू पाटलांबद्दल जुना कागद कोणाकडे आहे का? सनद, वाजिब-उल-अर्ज (गावच्या हक्क-रिवाजांची जुनी नोंद), काहीही चालेल. उद्या रात्रीपर्यंत फोटो टाका.