अप्रकाशित संशोधनातला तक्ता न विचारता फेसबुकवर: नाव दिले की पुरे का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, नागपूर)
आमच्या विभागात एका सहाध्यायिनीने सादरीकरणात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांतील (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतील) पतंगांच्या नोंदींचा तक्ता दाखवला. श्रोत्यांपैकी एकाने त्याचा फोटो काढून, तिचे नाव घालून, त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकला आणि तिथून तो शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरला. ‘प्राथमिक नोंदी, एकाच हंगामाच्या’ ही तळटीप मात्र फोटोत आलीच नाही. हटकल्यावर, ‘नाव दिले आहे, शिवाय लोकांच्या उपयोगाचेच आहे,’ असे उत्तर मिळाले. एवढे पुरते का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)
पुरत नाही. श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही. उलट नाव घातल्यामुळे, जे आकडे तिने अजून पक्के मानलेले नाहीत त्यांची जबाबदारी परस्पर तिच्या माथी आली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या गटातील डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र त्यांचे सहकारी विल्किन्स यांनी १९५३ मध्ये फ्रँकलिन यांच्या नकळत, डीएनएची रचना शोधू पाहणाऱ्या वॉटसन यांना दाखवले, त्यावर अजून वाद चालतो. आणि तेव्हा पाहणारा एकच होता.

उत्तर (वकील)
१९५७ चा कॉपीराइट कायदा अप्रकाशित लिखाणालाही लागू होतो, पण तो मांडणीला संरक्षण देतो, निव्वळ माहितीला नाही. पेटंटजोगे काही असल्यास प्रकरण अधिक नाजूक होते: संमतीविना झालेल्या प्रसिद्धीपासून १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम २९ काही संरक्षण देते, परंतु प्रसिद्धी कळल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज करावा लागतो. या तक्त्याबाबत तो प्रश्न मला दिसत नाही.

उत्तर (कृषी पदवीधर, हिंगणा)
शेतकऱ्यांच्या हिताचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण शोधनिबंध छापून येईपर्यंत हंगाम निघून जातो. तरीही इथे हित झाले असे वाटत नाही. सापळ्यामागे रोज ८ पतंग, सलग ३ दिवस, ही फवारणीसाठीची आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे एवढे पतंग सापडले की फवारणी करायची. दुसऱ्याच शिवारातले कमी आकडे पाहून एखाद्याने स्वतःचे सापळे न तपासता फवारणी टाळली, तर बोंडे त्याचीच किडणार. (फोटो टाकणारा तेव्हा बांधावर नसतो.) घाईच असेल तर तिला विचारायचे, तळटीपेसह तक्ता तिने स्वतः दिला असता किंवा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी खुला केलेला मसुदा) म्हणून टाकला असता. आता पोस्ट काढायला लावा आणि ज्या गटांत फोटो गेला, तिथे ती तळटीप तिच्या संमतीने पाठवा. नुसती पोस्ट काढून गटांतला फोटो जात नाही.