नारळ तळहातावर उभा राहतो म्हणजे खाली पाणी आहे का? शाळेत हे तपासायला शिकवायचं की नाही

औशाचे सर
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात एका पोराच्या घरच्यांनी बोअर मारलं, पाचशे फूट गेले, नुसता फुफाटा उडाला. पाणाड्यानं, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्यानं, नारळ धरून जागा दाखवली होती. पोरगं वर्गात म्हणालं, सर, नारळ तर उभा राहिला होता मी डोळ्यानं बघितलं. मी त्याला खोटं आहे म्हणून गप्प करू शकलो असतो, पण मग माझं ऐकायचं का पाणाड्याचं, एवढंच उरतं ना.

म्हणून त्याच पाणाड्याला शाळेच्या मैदानात बोलावलं, चहापाणी केलं, नीट मान दिला. पाणाडे नारळासारखीच काडीपण वापरतात, कडुलिंबाची बेचक्याची काडी घेऊन ते फिरले, जिथं काडी खाली ओढली तिथं पोरांनी चुन्यानं खूण केली, तीन खुणा झाल्या. मग त्यांच्याच संमतीनं डोळ्याला उपरणं बांधलं आणि परत त्याच मैदानात फिरवलं. काडी तेव्हाही ओढली, पण दुसऱ्याच ठिकाणी, एक जागा तर जुन्या खुणेपासून वीस पावलं लांब. पोरं एकदम शांत झाली. ते काकासुद्धा बराच वेळ खुणांकडं बघत उभे राहिले. ते लबाड नाहीत हो, त्यांना खरंच हाताला ओढ जाणवते.

माझं म्हणणं एवढंच की आपण पोरांना उत्तरं देतो, ते उत्तर कशावरून ठरलं हे सांगत नाही. हे शिकवलं पाहिजे आणि दहावीच्या आत शिकवलं पाहिजे.

लेकराची आई, लातूर
सर, तुमची तळमळ कळते. पण माझी पोरगी अकरावीला आहे, आम्ही गावाकडचं घर बंद करून इथं खोली घेऊन राहतो, मिस्टर तिकडं शेतीत एकटे आहेत. नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, 180 प्रश्न, 720 मार्क, चुकलं की एक मार्क कापतात. तिथं कोणी विचारत नाही की हे तुला कशावरून कळलं. विचार करत बसली तर पुढचे दोन प्रश्न राहून जातात. ज्यांच्याकडं बापजाद्याचं काही नाही त्यांच्या लेकरांना एकच दार उघडं आहे आणि तुम्ही म्हणताय दारात थांबून विचार करा. तत्त्वज्ञान भरल्या पोटी शिकावं.

मोसंबीवाले काका, जालना
माझ्या शेतात नारळ उभा राहिला तिथं 180 फुटावर दोन इंच पाणी लागलं, अजून चालू आहे. त्याच्या आधी मशीनवाले साहेब आणले होते, जमिनीत खुंट्या ठोकून करंट सोडतात ते, ती जागा कोरडी गेली. आता सांगा मी कोणाला मानायचं. शाळेत पोरांना असं शिकवून उद्या ती घरच्या म्हाताऱ्यांना अडाणी म्हणायला लागली तर ते चालंल का?

किल्लारीजवळचा
मी 1993 ला सात वर्षांचा होतो. गणपती विसर्जनाची रात्र, 30 सप्टेंबरची पहाट, पुढचं सांगत नाही. त्याच्या आदल्या वर्षी जमीन हादरत होती, लोक घाबरून बाहेर झोपत होते, आणि सरकारी भूकंपाच्या नकाशात आमचा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. दख्खनचा खडक पक्का आहे म्हणायचे. मग विज्ञानावर तरी किती विश्वास ठेवायचा? सर, हे तुमच्या वर्गात सांगता का?

औशाचे सर
भाऊ, सांगतो. हेच तर सगळ्यात आधी सांगतो, कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात त्या पहाटेचं कोणीतरी गेलेलं आहे. नकाशा चुकीचा होता. जुन्या नोंदी जेवढ्या होत्या त्यावरून तो काढलेला होता आणि आपल्याकडं मोठ्या भूकंपाची नोंदच नव्हती. नोंद नाही याचा अर्थ धोका नाही असा धरला गेला, चूक तिथं झाली. नंतर तोच नकाशा दुरुस्त झाला, 2002 ला आपला भाग तिसऱ्या झोनमध्ये आला, पहिला झोनच काढून टाकला. गेलेली माणसं त्यानं परत येत नाहीत, हे मला कळतं. पण चुकलेला नकाशा लोकांसमोर बदलावा लागतो, तसं काही नारळाच्या बाबतीत कधी झालंय का? एखादं बोअर कोरडं गेलं म्हणून कोणी पद्धत बदलली का? दोष दिला जातो मुहूर्ताला, नाहीतर मालकाच्या नशिबाला.

काका, तुमचं पाणी खरं आहे, कोण नाही म्हणतंय. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटीत आणि थरांच्या मधल्या झिजलेल्या भागात असतं, फट लागली तर लागली. त्यामुळं न बघता मारलेली काही बोअरंपण लागतात. मशीनसुद्धा चुकतं, ते जमिनीचा करंटला होणारा विरोध मोजतं, पाणी थेट दिसत नाही त्याला. म्हणून तुमच्या एका बोअरवरून ना नारळ ठरतो ना मशीन.

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, संभाजीनगर
सरांशी सहमत आहे पण अर्धवट. मैदानातला प्रयोग छान, पण एक पाणाड्या आणि तीन खुणा यावरून तुम्हीसुद्धा निष्कर्ष काढायलात ना? जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 ला मोठा प्रयोग झाला होता, धान्याच्या कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वर काडीवाले फिरायचे, चाचण्यातून निवडलेले 43 जण. प्रयोग करणारे म्हणाले काही जणांना खरंच जमतं, नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञानं तेच आकडे तपासले आणि म्हणाला हा तर नुसता योगायोग आहे. आकडे तेच, निष्कर्ष वेगळा! हे समजायला नुसता प्रयोग पुरत नाही, तर्कशास्त्र लागतं. आणि ते काही परदेशातून आणायची गरज नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं आग आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे आपल्या जुन्या न्यायशास्त्रवाल्यांचं उदाहरण, आणि प्रत्यक्ष दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांनी त्यांना विचारलं होतं की धूर तिथं आग हे तुम्ही सगळीकडं, सगळ्या काळात बघितलंय का? पहाटे धुकं लांबून धुरासारखंच दिसतं. ऊस गेल्यावर पाचट पेटवताना बघितलेल्या पोराला हे पाच मिनिटात कळतं. म्हणून वेगळा विषय पाहिजे, वेगळा तास पाहिजे.

बीडचा मास्तर
ताई, वेगळा विषय केला की त्याचं गाईड निघंल. "वैज्ञानिक दृष्टिकोनाची पाच वैशिष्ट्ये लिहा", पाच मार्काला. पोरं पाठ करतील आणि परीक्षेच्या दिवशी दही खाऊन जातील. मी वीस वर्षं हेच बघायलोय. आणि अजून एक भीती आहे, अर्धवट शंका घ्यायला शिकलेलं पोरगं उद्या लसीवरपण शंका घेतंय, व्हॉट्सॲपवर आलेलं मात्र खरं मानतंय. माझ्याच वर्गात होतंय हे.

औशाचे सर
मास्तर, गाईडचं पटलं. म्हणूनच मी वेगळा विषय मागत नाही, आहे त्या तासात मागतोय. शंकेचं म्हणाल तर लसीवर शंका घेणाऱ्या पोराला मी म्हणतो घे शंका, पण मग सांग काय दिसलं की तुझी शंका तू सोडून देशील? हा प्रश्न आला की बोलणं बदलतं, कारण नुसता हट्ट असला तर त्याच्याकडं याचं उत्तर नसतं. ताई, तुमचंपण बरोबर, तीन खुणा कमी आहेत, हे मी पोरांना सांगायला पाहिजे होतं. सोमवारी सांगतो.

आणि आईंना सांगायचं राहिलं. तुमच्या पोरीचा वेळ घ्यायचा नाही मला. अकरावीत तिला वेळ नाही म्हणूनच आठवीत म्हणतोय. बोअरचा खर्च कर्ज काढून होतो आमच्याकडं, मग हे भरल्या पोटाचं कसं झालं?

लेकराची आई, लातूर
आठवीत असंल तर माझी हरकत नाही. आमचंपण एक कोरडं गेलंय, तीन वर्षं हप्ते फेडायलोत.

मोसंबीवाले काका, जालना
मला अजून पटलेलं नाही. पण काल पारावर बसून गावातली बोअरं मोजायला घेतली. आत्तापर्यंत 14 झाली. नारळावर काढलेली 9, त्यातली 5 लागली. कोणाला न दाखवता मारलेली 5, त्यातली 3 लागली. खालची वस्ती अजून राहिलीय, पोरगा वही घेऊन गेलाय.