सूरजागडचं लोखंड : ग्रामसभांच्या होकाराशिवाय खाण वाढवावी का?

सातीनाला (धागा)
गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड पहाडावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. उत्खनन जोरात सुरू झालं ते २०२१ पासून. २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा एकदम १ कोटी टनांवर नेली. या वाढीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला जिल्हाधिकारी कार्यालयात झाली, पहाडापासून शंभरावर किलोमीटर लांब. २००६ ची पर्यावरण अधिसूचना तर म्हणते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी.

याच पहाडावर माडिया आदिवासींचा देव, ठाकुरदेव आहे. दर जानेवारीला अख्खा इलाका जत्रेला येतो. खाण हवी की नको, हे पुण्या-मुंबईच्या कुणी सांगू नये आणि मंत्रालयानेही नाही. इलाक्यातल्या ग्रामसभांनी ठरवावं. त्या नको म्हणाल्या तर काम थांबावं, इतकी साधी मागणी आहे.

चामोर्शीकर
मागणी साधी नाही, ताई. आमच्याकडची माणसं दर हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरंबाळं घेऊन. आता चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिलाय, तर पोरांना आयटीआयचा उपयोग तरी दिसतोय. आणि कायद्याचंच बोलायचं तर पेसामध्ये, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, ग्रामसभेची पूर्वशिफारस लागते ती गौण खनिजांना: मुरूम, रेती, दगड. लोहखनिज त्यात येत नाही. शिवाय पट्टा २००७ चा, म्हणजे वनहक्क कायदा लागू व्हायच्या आधीचा. मागे जाऊन नियम लावायचे ठरवलं तर या जिल्ह्यात कोण पैसा घालेल?

सातीनाला
पेसाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ ला लागू झाला आणि उत्पादनवाढ २०२३ ची आहे. मधली पंधरा वर्षं कुठे गेली? वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवताना ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानेच ३ ऑगस्ट २००९ च्या पत्रात सांगितलं होतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर हेच झालं. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. ओडिशा सरकारनेच निवडलेल्या १२ गावांत जिल्हा न्यायाधीशांसमोर सभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा तिथल्या डोंगरावर आहे, आमचा ठाकुरदेव इथल्या. इथे मात्र कुणी विचारलंच नाही.

नागपूरचा
इथली परिस्थिती वेगळी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी याच खाणीवरची सत्तरहून जास्त वाहनं जाळली. बंदुकीच्या सावलीत झालेला ग्रामसभेचा ठराव खरा कसा मानायचा? खाणविरोधाच्या आड कोण उभं होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

इलाक्यातला
दादा, बंदुका दोन्हीकडे होत्या, मधे आम्ही होतो. २०२३ मध्ये आमच्या एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला लोक खाणींच्या विरोधात कित्येक महिने ठिय्या देऊन बसले होते. बायका घरून तांदूळ आणून रांधायच्या. नोव्हेंबरात पोलिसांनी आंदोलन उठवलं. खाणीला नाही म्हटलं की नक्षल समर्थक, ही चिठ्ठी लगेच चिकटते, मग ग्रामसभेत तोंड उघडायला माणूस दहादा विचार करतो. तुम्हाला ठराव खरा हवा असेल तर आधी ही भीती काढा.

नोकरीचं खोटं नाही. आमच्या गावची काही पोरं खाणीवर आहेत, पगार वेळेवर येतो. पण मोहफूल, तेंदू आणि बांबूवर घर वर्षभर चालतं, ते जंगल गेलं की पुन्हा येत नाही. पगार एकाचा, जंगल सगळ्यांचं.

चामोर्शीकर
तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी मी नकाराधिकाराच्या विरोधातच आहे. उद्या रेल्वे, धरण, वीज, सगळ्यालाच एकेक गाव अडवू लागलं तर? त्यापेक्षा खनिज निधीचा पैसा थेट बाधित गावांच्या ग्रामसभांच्या खात्यात द्या, नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा लेखी ठरवा. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने हा निधी सांभाळणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलंच आहे.

सातीनाला
निधी ग्रामसभांच्या हातात द्या, याला माझा पूर्ण पाठिंबा. ग्रामसभेला पैसा आणि जंगल सांभाळता येतं हे आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलंय. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे गावाने स्वतः बांबू विकला. पण असं गाव आधी नुकसान सोसून मग भरपाईचा हिशेब का करत बसेल? अटी ठरवायच्या त्या खोदण्याआधी, आणि अटी पटल्या नाहीत तर उठून जाता यायला हवं.

सध्या एवढं तरी मान्य करा: पुढच्या विस्ताराची सुनावणी एटापल्लीच्या पलीकडे, सूरजागडच्या पायथ्याशी व्हावी. पर्यावरण अहवाल महिनाभर आधी माडियात वाचून दाखवावा. प्रत्येक ग्रामसभेचा ठराव तिच्याच वहीत, तिच्याच लोकांच्या सह्यांनी लिहिला जावा.

चामोर्शीकर
सुनावणी तिथेच व्हावी, हे मान्य. नकाराधिकारावर आपलं जमणार नाही.

इलाक्यातला
सुनावणीला तुम्हीही या. जेवायला आमच्याकडे.