फुकट फोटो होस्टिंग: पोस्टमध्ये फोटोऐवजी नुसती लिंकच दिसते, काय करू?

क्रोशाची_सुई
नमस्कार मंडळी, मी क्रोशाच्या नमुन्यांची कृती लिहिते आणि प्रत्येक ओळ झाली की तिचा फोटो टाकायचा असतो, पण इथे फोटो थेट चढवता येत नाही म्हणून इमेजबीबी या फुकट फोटो साइटवर टाकून लिंक पेस्ट केली तर नुसती निळी लिंकच येते. एकदा दुसरा कुठलातरी कोड कॉपी केला तर फोटो आला, पण इवलासा आणि धुरकट, टाक्यांमधला मुका खांब कुठला आणि साधा खांब कुठला हेच कळेना, मग त्या फोटोचा उपयोग काय? आणि हे फुकटवाले फोटो किती दिवस ठेवतात? शिकणाऱ्या बायका वर्षभराने पण येऊन बघतात हो.

पिक्सेलराव
ताई, तुम्ही कॉपी करताय ती फोटोच्या पानाची लिंक, फोटोची नाही. अपलोड झालं की खाली एम्बेड कोडचा (दुसऱ्या पानावर फोटो दाखवायचा कोड) ड्रॉपडाउन येतो, त्यात व्ह्यूअर लिंक म्हणजे ते पान, आणि डायरेक्ट लिंक म्हणजे खुद्द फोटो, तिच्या शेवटी जेपीजी किंवा पीएनजी असतं, तीच ओळखायची खूण. ती लिंक चौकटी कंसातल्या आयएमजी टॅगच्या मधे, म्हणजे [img] आणि [/img] यांच्या मधे टाका, नाहीतर सरळ 'बीबीकोड फुल' घ्या म्हणजे टॅग आयताच मिळतो. तुमचा तो धुरकट फोटो बहुतेक थंबनेलवाल्या, म्हणजे छोट्या नमुना-चित्राच्या कोडमुळे आलाय, यादीत दोन्ही खालीवर असतात. आणि फोनचा फोटो आहे तसा चढवू नका, आधी टाक्यांपुरता क्रॉप करा आणि मग रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल ठेवा, धाग्याचा पीळसुद्धा दिसतो आणि पान पण पटकन उघडतं.

जुना_मेंबर
लिंकचं झालं, पण ताईंचा शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोटोबकेट या फोटो होस्टिंग साइटने २०१७ मध्ये बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायला वर्षाला ३९९.९९ डॉलरचा प्लॅन लावला आणि जगभरच्या फोरमवरच्या गाडी दुरुस्तीच्या, शिवणकामाच्या, कसल्या कसल्या चर्चांमधले फोटो एका फटक्यात गेले, त्यांच्या जागी मीटरचं चित्र यायला लागलं. मजकूर तसाच, 'खालच्या फोटोत बघा' असं लिहिलेलं, आणि खाली काहीच नाही, फार वाईट वाटायचं वाचताना. टायनीपिक ही तशीच साइट २०१९ मध्ये बंदच पडली. इम्गुर या तशाच साइटने २०२३ मध्ये नियम बदलले, अकाउंटला न जोडलेले जुने, कुणी बघत नसलेले फोटो काढून टाकणार म्हणाले. तेव्हा एक तर अकाउंट काढूनच अपलोड करा. आणि मूळ फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर नमुन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, फाइलला ओळ-०१, ओळ-०२ अशी नावं द्या, म्हणजे उद्या होस्ट गेला तरी परत चढवताना कुठला फोटो कुठे हे शोधत बसावं लागणार नाही. होस्ट म्हणजे दुकानाची काच समजा, माल आत आपल्याकडेच हवा. इमेजबीबीवर अपलोड करताना फोटो आपोआप डिलीट करायची मुदत विचारतात, तिथे चुकून काही निवडलं नाही ना तेही बघा.

शांत_वाचक
अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. फोनमध्ये कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत घराचे अक्षांश-रेखांश बसतात. काही होस्ट ते पुसतात, काही नाही, त्यामुळे आपणच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेलं बरं. आणि लिंक कुणाला माहीत नाही म्हणजे फोटो खाजगी असं अजिबात नाही, लिंक हाती लागली की कुणीही बघतं. विणकामाचे फोटो ठीक आहेत, पण घरातल्या मुलांचे फोटो कृपा करून असे टाकू नका. बिनअकाउंटचं अपलोड केलंच तर डिलीट लिंक मिळत असेल ती जपून ठेवा, नाहीतर नंतर फोटो काढणं अवघड जातं.

क्रोशाची_सुई
आला आला! फोटो आला, मोठा आणि स्वच्छ, खांब मोजता येतायत!! पिक्सेलराव खूप आभार, अकाउंट पण काढलं आणि लोकेशन बंद केलं. आता एकच, आलेख कागदावरचा नमुना मी कॉम्प्युटरवर काढते, तो जेपीजी केला की रेघांच्या कडेला करडे ठिपके येतात, ते कशाने?

पिक्सेलराव
ते जेपीजीच्या कॉम्प्रेशनमुळे, बारीक काळ्या रेघा त्याला झेपत नाहीत. फोटो जेपीजी ठेवा, आलेख पीएनजी करा. पण आधीच्या जेपीजीचं पीएनजी करून ठिपके जाणार नाहीत हं, मूळ फाइल उघडून नव्याने सेव्ह करा.